पॅड बदलले, पिना पाहिल्या का?

छोट्या गाडीच्या पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलायचे तर बहुतेक वेळा एकच बोल्ट काढावा लागतो. चाक उतरवायचं, कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडवायचा, कॅलिपर वर उचलायचा, जुने पॅड काढायचे, पिस्टन मागे दाबायचा, नवे पॅड बसवायचे. हात बसलेला माणूस अर्ध्या तासात एक चाक उरकतो. मला एका चाकाला अर्धी सकाळ लागते, आणि त्यात घट व्हावी असं मला कधी वाटलं नाही. त्या अर्ध्या सकाळीत काय काय होतं ते सांगण्यासारखं आहे.

मी चिपळूणला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. माहेर कराडकडचं. त्यामुळे कुंभार्ली घाट पाठ झालेला. पोफळीहून वर चढायचं, कोयनानगर, पाटण करत कराड गाठायचं आणि दोन दिवसांनी तसंच उतरायचं. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. पॅड त्याच वर्षी एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमधून बदलून घेतले होते. बिल जपून ठेवलेलं होतं. परत तिथे न जाता मी गावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणू लागले.

चाचांनी चाक उतरवलं आणि दोन्ही पॅड माझ्या हातात दिले. बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक होता. आतल्या पॅडचं अस्तर पूर्ण गेलं होतं आणि त्याची लोखंडी पाटी डिस्कला चरे पाडत होती. "बाई, पॅडचा दोष नाय. पिन बसलेय. हे कुणी उघडलंच नाय," ते म्हणाले. मग पक्कड लावून, पिळून पिळून त्यांनी ती पिन बाहेर काढली. तिच्यावर ग्रीसचा मागमूस नव्हता, नुसता तांबडा गंज.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक छोट्या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आतून असतो. पेडल दाबलं की तो आतला पॅड डिस्कवर रेटतो. डिस्क जागची हलत नाही, म्हणून कॅलिपरचं सगळं धूड उलट दिशेला सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतं. हे सरकणं होतं दोन गुळगुळीत पिनांवर, रबरी बुटांच्या आत. पिन गंजून बसली की कॅलिपर सरकत नाही. सगळा भार आतल्या पॅडवर पडतो, शिवाय पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि चाक तापत राहतं. बाहेरून, चाकाच्या फटीतून डोकावलं तर दिसतो बाहेरचा पॅड, आणि तो तर छान जाड असतो.

आमच्याकडे कोकणात हे फार होतं. चार महिने पाऊस, हवेत कायम दमटपणा, खाडीकाठी खारा वारा. रबरी बुटाला केसाएवढी चीर गेली तरी पाणी आत शिरतं. त्या मोठ्या गॅरेजने फसवलं असं मी आजही म्हणत नाही. पॅड बदलण्याचा दर ठरलेला आहे, पिना काढून पुसण्याचा दर कुठल्याच फलकावर नाही. दिवसाला ठरावीक गाड्या बाहेर काढायच्या असतील तर ज्या कामाचा पैसा नाही ते काम राहून जाणारच. त्या दिवशी माझ्या मनाने घेतलं की ज्या कामाला फक्त वेळ लागतो ते काम माझ्याकडे असायला हवं. वेळ माझा होता, सुट्टीतल्या सकाळी माझ्या होत्या.

मी चाचांना शिकवता का म्हणून विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण पाना लगेच हातात दिला नाही. पहिले कित्येक रविवार माझ्याकडे फक्त पुसण्याचं काम होतं. पिना, पॅड बसतात त्या खाचा, पत्र्याच्या क्लिपा, व्हील हबची कडा. आणि पुसण्यातही शिकण्यासारखं किती असतं! ब्रेकची धूळ कधीही फुंकर मारून किंवा हवेचा पाइप लावून उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं तर बाहेर येत नाही, आणि समोरच्या लायनरमध्ये काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. तोंडाला मास्क, फडकं ओलं, आणि फडकं नंतर पिशवीत बांधून टाकायचं. रबराला पेट्रोल किंवा रॉकेल लागता कामा नये, रबर फुगतं. पिनांना चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही, त्यानेही बूट फुगतात आणि मोकळी केलेली पिन पुन्हा आवळली जाते. ब्रेकसाठीचं सिलिकोनचं ग्रीस वेगळं मिळतं. छोटी ट्यूब असते, वर्षानुवर्षं पुरते.

गाडी उचलण्याआधी चाचांचा एक नेम होता. "पाना हातात घेण्याआधी गाडीला चारी बाजूंनी फिरून या." जमीन सपाट आहे का, कुठे मऊ आहे का, मुलं-मांजरं कुठे आहेत, मागच्या चाकांना दगड लागलेत का, हँडब्रेक ओढलाय का, गाडी गिअरमध्ये आहे का. मागच्या ड्रमचं काम असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा दगड पुढच्या चाकांना. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, कारण जॅकवर चढलेल्या गाडीला पान्याने हिसके देणं म्हणजे ती अंगावर ओढून घेणं.

जॅकबद्दल मी जरा जास्तच बोलते आणि बोलत राहीन. गाडीबरोबर येणारा घडीचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर हात आत घालून काम करायचं नसतं. आमच्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि गाडीखाली आधाराला चिरा लावण्याची सर्रास पद्धत आहे. चिऱ्याच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, म्हणून तो भरवशाचा वाटतो. पण भिंतीत त्याच्यावर भार सगळीकडून सारखा असतो. गाडीची पत्र्याची कड त्याच्यावर एका रेघेत टेकली की तो सांगून सवरून फुटत नाही. मी लोखंडी स्टँड वापरते, त्याच्याखाली जाड फळी, आणि उतरवलेलं चाक गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवते. सगळं निसटलं तरी गाडी चाकावर अडेल.

आता वर्गातली गोष्ट. पास्कलचा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवला. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, क्षेत्रफळ वाढलं की बल वाढतं, उदाहरण हायड्रॉलिक ब्रेक. आकृती काढली की मुलं वहीत उतरवून घेत. चाचांकडून एक भंगारातला कॅलिपर वर्गात आणला त्या वर्षापासून तासाचा रंग बदलला. मुलांनी पिस्टनच्या तोंडावर तळहात ठेवून पाहिला, मास्टर सिलिंडरची बारीक नळी पाहिली आणि मी न विचारता एका मुलीने विचारलं, "मॅडम, आत हवा राहिली तर?" हाच खरा प्रश्न. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पायाचं सगळं बळ बुडबुडा आवळण्यात जातं आणि पेडल स्पंजासारखं खाली बसतं.

हवेएवढाच घातक शत्रू म्हणजे पाणी. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट 3 प्रतीचं कोरडं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे, पाणी मुरलेल्यासाठी तीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी 230 आणि 155. घाट उतरताना कॅलिपर तापतो, ओलसर ऑइल उकळतं, नळीत वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच. मुलांकडून मी एक गणित करून घ्यायची. 1000 किलोची गाडी ताशी 72 किलोमीटर वेगावरून थांबवली तर ब्रेकना दोन लाख ज्यूल उष्णता पचवावी लागते. तीच गाडी 500 मीटर उंचीचा घाट फक्त ब्रेकवर उतरवली तर 49 लाख. म्हणजे 72 च्या वेगावरून जवळजवळ पंचवीस वेळा कचकन थांबण्याएवढी उष्णता, आणि तीही मध्ये उसंत न देता. हे गणित ज्याने एकदा हाताने केलं तो घाटात न्यूट्रल टाकत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक वळणापुरते राहतात. शिवाय इंजिन बंद करून उतरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की पेडल हलकं करणारा बूस्टर इंजिनच्या जोरावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर एक-दोन वेळा पाय हलका लागतो, मग पेडल दगड होतं.

ऑइल बदलताना, म्हणजे एअर काढताना, दोन माणसं लागतात, आणि या कामात मला सर्वांत जास्त आनंद मिळालेला आहे. एकजण पेडलवर, दुसरा चाकाशी. एअर काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाब." "दाबला." "धरून ठेव." "धरलाय." मग पाव फेरा निपल सैल. जुनं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं येतं, त्यात बुडबुडे. निपल बंद, आणि मगच "सोड." हा क्रम चुकला, निपल उघडा असताना पाय सुटला, तर बाहेरची हवा आत. माझ्या भाच्याला मी दहावीच्या सुट्टीत पेडलवर बसवलं होतं. तो काही वेळाने कंटाळून मोबाइल काढेल असं वाटलं होतं, पण त्याने "धरलाय" म्हटल्याशिवाय मी पाना हलवत नाही हे लक्षात आल्यावर तो सरळ बसला. आपल्या शब्दावर दुसऱ्याचं काम अडलेलं आहे, हे त्या वयात कळलेलं चांगलं. चाकांचा क्रम सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून असतो, आपल्याकडे मागचं डावं. पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा गाडीचं पुस्तक काढून बघावं. मध्ये मध्ये टाकीत ऑइल भरत राहायचं, ती रिकामी होऊ द्यायची नाही. उघडलेली बाटली पुढच्या वर्षीसाठी ठेवायची नाही.

टाकीतलं ऑइल खाली गेलं की लोक वरून भरतात. यात एक मेख आहे. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्या मागची जागा भरायला टाकीतलं ऑइल उतरतं. गळती नसेल तर उतरलेलं ऑइल पॅडची खबर देत असतं. वरून भरलं की खबर बुजते, आणि नवे पॅड बसवायला पिस्टन मागे दाबला की तेच ऑइल उतू जाऊन गाडीचा रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी शहरात शिरली. चिपळूणकरांना त्या दिवसाबद्दल वेगळं सांगायला नको. आमचं घर उंचावर, पण खालच्या आळीतल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या, काही तरंगत एकमेकींवर चढल्या होत्या. पाणी ओसरल्यावर सगळ्यांच्या घरात गाळ, वीज नाही, नळाला पाणी नाही. तेव्हा गाडीचं कोण बघतो? पण एका शेजाऱ्यांच्या आईला डायलिसिसला न्यायचं होतं आणि त्यांची गाडी चाकाच्या निम्म्यापर्यंतच बुडाली होती, इंजिन कोरडं राहिलं होतं. गाडी ढकलली तर मागची चाकं फिरेनात. हँडब्रेक ओढलेला राहिला होता आणि शू ड्रमला चिकटले होते.

मागचा ड्रम काढायचं काम आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत आठचे बोल्ट घालायचे आणि एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे आवळत जायचं. एकाच बाजूने आवळलं तर ड्रम तिरका होऊन आणखी अडकतो. मध्ये लाकडी मोगरीने कडेकडेने ठोकायचं. बराच वेळ काही हलत नाही, मग आतून एक कट्ट आवाज येतो आणि ड्रम बोटभर पुढे येतो. आत पाहिलं तर शू, स्प्रिंगा, व्हील सिलिंडर काही दिसतच नव्हतं. बारीक, चिकट गाळ गच्च बसलेला. विहिरीच्या पाण्याने तो खरवडून धुतला तेव्हा कळलं की एका शूचं लायनर पाटीपासून सुटून मोकळं झालंय. तशीच गाडी नेली असती तर वाटेत ते लायनर आतच अडकून चाक जाम झालं असतं. नवे शू कराडहून मागवले. एका वेळी एकच बाजू उघडायची हा नियम तिथे उपयोगी पडला, स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे दुसऱ्या बाजूला बघून कळतं. गाडी मिळेपर्यंत आईंना दुसऱ्या एकाच्या जीपमधून नेलं.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या आळीत चाकं उघडण्याचंच काम चाललं. चाचा थकले होते, पण खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे. बुडालेल्या प्रत्येक गाडीचं ब्रेक ऑइल आम्ही पूर्ण काढून टाकलं, वर स्वच्छ दिसत असलं तरी. टाकीच्या झाकणाला हवेसाठी वाट असते, तिथून पाणी शिरलेलं नसेल असं कोण सांगणार? माणसं घरं धूत होती, हिशेबाच्या वह्या उन्हात वाळवत होती, आणि कुणाचीतरी गाडी रस्त्यावर आली की सगळ्यांना बरं वाटायचं. आयुष्यात मी केलेल्या कामांपैकी ते सर्वांत उपयोगाचं होतं असं मला मनापासून वाटतं.

नाही म्हणणं हाही या कामाचाच भाग आहे. ओळखीतल्या एका तरुणाने पॅड आणून दिले आणि गावाला जायचंय, आजच बसवून द्या म्हणाला. चाक काढलं तर डिस्कच्या कडेला नखात अडकेल एवढी कंगोरी उभी होती. मापून पाहिलं तर डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ निघाली. ब्रेकची रबरी नळी वाकवून पाहिली तर तिला भेगा. मी चाक परत लावलं आणि गाडी हलवू नकोस, टोइंग करून गॅरेजला ने म्हणून सांगितलं. तो रागावला. पॅड नवे बसवले असते तर त्याचा दौरा झाला असता आणि कदाचित काही घडलंही नसतं. पण त्या "कदाचित"वर मी माझं नाव घालणार नाही. एबीएसच्या पंपाचं काम, मागच्या डिस्कमध्ये इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाड्या, मास्टर सिलिंडर उघडणं, हे मी घरी करत नाही. त्याला लागणारी यंत्रं माझ्याकडे नाहीत.

स्वस्त पॅडचंही तेच. नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात नकली माल मिळतो, आणि दर फारच कमी असेल तर त्याला कारण असतं. दुकानदार विचारतात, "मॅडम, मिस्त्रीला पाठवा ना." मी जुना पॅड काउंटरवर ठेवते, नव्याशी जुळवून पाहते, पाटीवरचा नंबर वाचते, बिल घेते. दोन-तीनदा असं केलं की तोच दुकानदार आपणहून चांगला माल काढून देतो.

काम झाल्यावर चाचा स्टिअरिंगवर फडकं बांधून ठेवायचे. पेडल दाबून कडक झाल्याशिवाय ते कुणी सोडायचं नाही. कारण पिस्टन मागे दाबलेला असतो, पहिल्यांदा पाय ठेवला की पेडल सरळ तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाहीत. गाडी सुरू करून फाटकाबाहेर काढणाऱ्याला हे भिंतीवर आदळल्यावर कळतं. मीही फडकं बांधते. मग व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, माझ्या गाडीला 85 न्यूटन-मीटर. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून दहावर, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा हळूहळू वेग उतरवायचा, मध्ये ब्रेक गार होऊ द्यायचे. नव्या पॅडचं अस्तर डिस्कवर असं बसतं. घाट त्यानंतर.

तुम्ही स्वतः हे काम करा असा आग्रह मी धरणार नाही. पण मे महिन्यात, पावसाच्या आधी, गाडी गॅरेजला नेलीत तर आतला पॅड काढून दाखवायला सांगा, आणि पिना मोकळ्या सरकतात का ते स्वतःच्या हाताने बघा. त्या कामाचे वेगळे पैसे द्यायला तयार आहोत, हेही आधीच सांगा. ज्यांना घरी करायचं असेल त्यांनी पहिलं चाक जाणत्या माणसाच्या शेजारी बसून उघडावं, आणि पान्यांचा संच घेण्याआधी दोन चांगले स्टँड विकत घ्यावेत.